फाइलच्या डब्याच्या टिपणीसबाई

टिपणीसबाईंचं नाव कुणी चांगल्या शब्दांत काढलं की मी अजूनही पाणी प्यायला उठतो. माझ्या बायकोला, अनघाला, हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून ती मुद्दाम काढते. मत्सर वगैरे जड शब्द कशाला, सरळ जळणं म्हणा. एका ऑफिसात होतो तितकी वर्षं मी त्या बाईंवर जळलो. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. ज्यांच्यावर जळावं अशी माणसं आयुष्यात फार भेटत नाहीत, मला एक भेटली आणि तीही शेजारच्या टेबलावर.

आमचं ऑफिस दुबईच्या ‘बर दुबई’ भागात, मीना बाजारातल्या एका कापडदुकानाच्या डोक्यावर. मालक हरीशभाई, दुबईतच जन्मलेला सिंधी. हिंदी बोलायचा, आणि दर दोन वाक्यांनी एक अरबी ‘यल्ला’, म्हणजे ‘चला’, टाकायचा. आम्ही बनवायचो ते सॉफ्टवेअर अरबी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत अर्ज, पत्रकं, बिलबुकं जुळवून देणारं. गिऱ्हाइकं दोन जातींची. एक टायपिंग सेंटरवाले, म्हणजे व्हिसाचे, लायसनचे अर्ज टाइप करून देणारी छोटी दुकानं. त्यांच्याकडे विंडोज, त्यातही पुष्कळांकडे अरबी विंडोज, जिथे सगळं उजवीकडून डावीकडे चालतं. दुसरे छापखानेवाले. त्यांच्याकडे मॅक. म्हणजे एकच सॉफ्टवेअर तीन ठिकाणी नांदवायचं, असा तो संसार होता.

आता तो डबा. कुठल्याही प्रोग्रॅममध्ये ‘सेव्ह’ दाबलं की एक छोटी खिडकी उघडते, नाव काय द्यायचं आणि कुठं ठेवायचं ते विचारते. ‘ओपन’ दाबलं तरी तशीच उघडते. आमच्या ऑफिसात तिला सगळे फाइलचा डबा म्हणायचे. प्रत्येक कंप्यूटरकडे त्याचा स्वतःचा असा एक डबा तयार असतोच, पण आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तो नव्हता. आमच्यात माझा होता. मी स्वतः, माझ्या या हातांनी केलेला.

काय डबा होता म्हणून सांगू. तिन्हीकडे अगदी सारखा. विंडोजवर बघा नाहीतर मॅकवर, तोच निळसर रंग, तीच बटणं, डावीकडे ‘सेव्ह’, उजवीकडे ‘कॅन्सल’. बारीक बारीक चित्रं मी एकेक ठिपका ठेवून काढलेली. फाइलवर माउसचा बाण नेला की बाजूला तिचं छोटं चित्र दिसायचं, त्या काळात असं फार ठिकाणी नव्हतं. हरीशभाई गिऱ्हाइकांना बोलवून दाखवायचा, ‘देखो, ये हमारे दामले का बच्चा है.’ माझा खरा मुलगा तेव्हा शारजात केजीमध्ये होता, आणि त्याच्यापेक्षा या बच्च्यावर माझा जास्त वेळ गेला होता, असं अनघा म्हणते.

अशा सुखात असताना एके सकाळी हरीशभाई एका बाईंना घेऊन आला. ‘ये मिसेस टिपणीस. पूना से. बहुत सीनियर हैं.’ पंचेचाळिशीच्या आसपास, केसांचा घट्ट आंबाडा, आणि अंगावर शाल. दुबईच्या मे महिन्यात शाल. ‘बाहेर काही वाटत नाही हो, आत तुमचा एसी सोसत नाही,’ त्या म्हणाल्या, आणि लगेच विचारलं, ‘इथं डबे खायला कुठं बसतात? तुमच्याकडे काय पद्धत?’

हे ‘तुमच्याकडे काय पद्धत?’ पुढे मी इतक्या वेळा ऐकलं की कान किटले. चहा मागवायचा तर, ऑफिसबॉयला हाक मारायची तर, कुणाच्या टेबलावरचा स्टेपलर घ्यायचा तर, आधी पद्धत विचारणार. त्या खाडीपलीकडे, देऱ्यात राहायच्या, नवरा एका शिपिंग कंपनीत. रोज अब्र्यात, म्हणजे तिथल्या होडीत, बसून खाडी ओलांडून यायच्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी अब्रेवाल्यालाही विचारलं असणार, बायका कुठल्या बाजूला बसतात म्हणून. दुसऱ्याच्या खुर्चीत कधी बसल्या नाहीत, दुसऱ्याच्या मशीनचा माउस जागचा हलवला तर उठताना परत होता तिथं ठेवायच्या. मला सुरुवातीला हे शिष्टाचाराचं नाटक वाटलं. मग लक्षात आलं, की बाई प्रोग्रॅमही तसाच लिहितात. तेव्हा मात्र मी सावध झालो.

माझा डबा त्यांनी पहिल्याच आठवड्यात बघितला. बराच वेळ बघितला. मी बाजूला उभा, कौतुक कधी येतंय म्हणून.

‘सुरेख केलंय हो दामले,’ त्या म्हणाल्या. ‘किती मेहनत आहे. पण मॅकवाल्यांची पद्धत काय?’

‘कसली पद्धत?’

‘त्यांच्याकडे ‘सेव्ह’ उजवीकडे असतं ना? कोपऱ्यात?’

‘असतं. पण आपण सगळीकडे एकसारखं ठेवलंय. तेच तर वैशिष्ट्य आहे.’

‘हो, ते कळलं,’ म्हणाल्या, आणि शाल सारखी करून जागेवर गेल्या. वाद घातला असता तर मी दोन हात केले असते. पण बाई वाद घालायच्याच नाहीत. त्या जायच्या आणि बघायच्या.

त्यांचं हे बघणं म्हणजे काय, ते मी एकदा शारजात पाहिलं. अल मजाजमध्ये, आमच्या घराजवळच, उस्मान नावाच्या सुदानी माणसाचं टायपिंग सेंटर होतं. आमचं जुनं गिऱ्हाईक. बाईंना तिथं जायचं होतं आणि माझ्याकडे गाडी, म्हणून हरीशभाईनं मला जुंपलं. मला वाटलं, काहीतरी बिघाड असेल, अर्ध्या तासात उरकू. बाई उस्मानच्या खुर्चीमागे एका स्टुलावर बसल्या, त्याचा काळा चहा घेतला, आणि सकाळभर नुसत्या बसून राहिल्या. एक प्रश्न नाही. स्क्रीनकडेही धड बघत नव्हत्या, उस्मानच्या हातांकडे बघत होत्या. तो अर्जामागून अर्ज टाइप करत होता, गिऱ्हाइकांशी अरबीत हुज्जत घालत होता, मधेच फोन घेत होता. मी दारात उभा राहून जांभया देत होतो.

परतताना गाडीत मी विचारलं, ‘काय मिळालं मग?’

‘उस्मानभाई दिवसभर चष्मा कपाळावर ठेवून काम करतात,’ त्या म्हणाल्या. ‘फक्त आपला डबा उघडला की डोळ्यांवर घेतात.’

‘वय झालं त्याचं.’

‘बाकीच्या प्रोग्रॅममध्ये सेव्ह करताना नाही घेत. तिथं हात आपापले जातात.’

एवढंच बोलल्या. मी पुढे दुबई येईपर्यंत रेडिओ लावून ठेवला. इतकी वर्षं त्या उस्मानकडे मी जात होतो, त्याच्याकडचा खजूर खात होतो, आणि हा चष्मा मला कधी दिसला नव्हता. बाईंना पहिल्या सकाळी दिसला. आता अशा माणसावर जळायचं नाही तर काय आरती ओवाळायची?

त्याच सुमारास दुसऱ्या आवृत्तीची बोलणी सुरू झाली. ऑक्टोबरात दुबईत कंप्यूटरचं मोठं प्रदर्शन भरायचं, तिथं ती मांडायची होती, आणि तिच्यासाठी पहिल्यांदाच टीम लीड नेमायचा होता. तोवर आमच्यात लीड-बीड नव्हतं, हरीशभाई ओरडायचा आणि आम्ही करायचो. ती जागा माझी, हे मी धरूनच चाललो होतो. मी जुना, डबा माझा, कोड निम्मा माझा. घरी सांगूनही टाकलं होतं. सासऱ्यांपर्यंत बातमी पोचली होती, म्हणजे बघा.

मीटिंगमध्ये बाईंनी हळूच विषय काढला. आपला डबा काढून टाकू आणि प्रत्येक कंप्यूटरचा स्वतःचा डबा वापरू. विंडोजवर विंडोजचा, अरबीवर अरबीचा, मॅकवर मॅकचा.

‘म्हणजे तेच काम तीनदा लिहायचं?’ मी म्हणालो.

‘तीन घरं आहेत, तीन स्वयंपाक होणार,’ बाई म्हणाल्या. ‘आपण पाहुणे आहोत दामले. पाहुण्यानं यजमानाची मांडणी लावायला घेऊ नये.’

हरीशभाईनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. त्याला यातलं काही कळत नव्हतं, आणि न कळणं कबूल करणं त्याच्या रक्तात नव्हतं. ‘ऐसा करो,’ तो म्हणाला, ‘दोनों बनाओ. एक्झिबिशन में दोनों रखेंगे. जिसका डिब्बा चला, वो लीड. खलास.’

मी मनातल्या मनात पेढे वाटले. कारण बाईंनी काय अंगावर घेतलंय ते मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. बाहेरून वाटतं, कंप्यूटरचा तयार डबा आहे, बोलवा आणि वापरा. पण तिन्ही डब्यांची तऱ्हा वेगळी. विंडोजला फाइल कुठल्या जातीची ते नावाच्या शेपटीवरून, म्हणजे टिंबापुढच्या अक्षरांवरून, कळतं. त्या काळच्या मॅकला शेपटीची गरजच नसायची, तो ते दुसरीकडे कुठंतरी लिहून ठेवायचा. छापखान्यातून निघालेली फाइल टायपिंग सेंटरला गेली की बिनशेपटीची, विंडोज तिला ओळखच देईना. मॅकवाले नावात तिरपी रेघ खुशाल वापरायचे, विंडोजला ती चालत नाही. माझ्या डब्यात मी हे सगळे प्रश्न एका फटक्यात सोडवले होते. माझे नियम, सगळ्यांना सारखे, तिरपी रेघ कुणालाच नाही.

बाईंनी दुसरीच वाट धरली. आमच्या प्रोग्रॅमनं फक्त एवढंच म्हणायचं, की मला एक फाइल दे, किंवा ही फाइल ठेवून घे. पुढे काय बोलायचं, कसं विचारायचं, ते त्या त्या घरच्या माणसानं बघायचं. ती तीन माणसं, म्हणजे कोडचे तीन तुकडे, बाईंनी वेगवेगळी लिहिली. मॅकला त्याची तिरपी रेघ ठेवू दिली, आणि फाइल विंडोजला जाताना तिचं गुपचूप आडव्या रेघेत रूपांतर होईल असं केलं. शेपूट लागेल तिथं आपोआप लागायची, कुणाला कळायचंही नाही. तीन महिने त्या मान खाली घालून बसल्या. कंप्यूटर अडला की म्हणायच्या, ‘रुसलाय. काहीतरी याच्या पद्धतीबाहेरचं मागितलं मी.’ आणि स्वतःचं लिहिलेलं पुसायच्या. एक गोष्ट मात्र त्यांना सोडावी लागली. माझ्या डब्यातलं ते छोटं चित्र. कंप्यूटरच्या डब्यात ते बसवणं तिन्हीकडे जमेना. हे कळलं त्या दिवशी मी घरी जाताना श्रीखंड घेऊन गेलो.

मधे गौरी आल्या. त्या वर्षी आमची आई येऊ शकली नाही, आणि अनघा घाबरली. आम्ही कोकणस्थ, आमच्याकडे खड्यांच्या गौरी. पाणवठ्यावरून खडे आणायचे, तोंडात चूळ धरून, वाटेत कुणाशी अवाक्षर न बोलता. शारजात पाणवठा कुठला? अनघानं मला न विचारता टिपणीसबाईंना फोन केला. मी म्हटलं, अगं त्या कायस्थ, त्यांच्या गौरी उभ्या, मुखवट्याच्या, त्यांच्या नैवेद्याला सामिष लागतं, त्यांना आपलं काय कळणार? तर म्हणाली, ‘त्या विचारतील.’

आल्या, आणि दारातच विचारलं, ‘अनघा, तुमच्याकडे काय पद्धत?’ अनघानं सांगितली तशी एकेक गोष्ट. बाईंनी एकदाही ‘आमच्याकडे असं असतं’ म्हटलं नाही. मी कान देऊन ऐकत होतो, म्हणून सांगतो. दोघी खालिद लगूनच्या काठावर गेल्या, खडे उचलले, ताम्हनात ठेवले आणि तोंडात चूळ धरून निघाल्या. बिल्डिंगच्या दारात नातूर, म्हणजे आमचा पठाण वॉचमन, आडवा आला. ताम्हनात दगड घेऊन दोन बायका गप्प चाललेल्या बघून त्याला संशय आला. ‘मॅडम, ये क्या ले जाते हो?’ अनघाला हसू फुटलं, चूळ सांडली, सगळं मुसळ केरात. बाईंनी मात्र गाल फुगवलेले तसेच ठेवून त्याला एका हातानं ताम्हन दाखवलं, मग आकाशाकडे बोट केलं, मग छातीवर हात ठेवला. पठाणानं काय समजायचं ते समजून छातीवर हात ठेवला आणि दार उघडून धरलं. वर येऊन बाईंनी घावन-घाटलं केलं, ते आईच्या हातच्यासारखं. फोनवर अनघानं आईला सांगितलं, ‘आपल्या घरात वाढल्यासारखं करतात हो.’ आई म्हणाली, ‘महेशला म्हणावं, शीक काहीतरी.’ मुलगा म्हणाला, ‘बाबा, टिपणीस आंटी इज सो कूल.’ मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

आणि मग प्रदर्शन. आमच्या स्टॉलवर दोन टेबलं, एकावर माझ्या डब्याची आवृत्ती, दुसऱ्यावर बाईंची. मी नवा टाय घेतला होता. पहिल्या तासापासून माझ्या टेबलाभोवती गर्दी. ‘हे काय आहे? हे कसं वापरायचं? हे चित्र कुठून येतं? परत कसं जायचं?’ मी बोलून बोलून घसा बसवून घेतला. छापखान्याचा एक कोया नावाचा मल्याळी ऑपरेटर तर माझ्याकडे पुन्हा पुन्हा येत होता. बाईंच्या टेबलावर लोक यायचे, खुर्चीत बसायचे, आपापला अर्ज किंवा पत्रक करून बघायचे, सेव्ह करायचे आणि निघून जायचे. डब्याबद्दल चकार शब्द नाही. बाई शाल गुंडाळून मागे उभ्या, आणि त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. खरं सांगतो, एका क्षणी मला त्यांची कीव आली. जळणाऱ्या माणसाला कीव येण्यासारखं दुसरं सुख नाही.

प्रदर्शन उठताना हरीशभाई आला. ‘दामले, तुम्हारे डिब्बे के बारे में सब ने पूछा.’

‘जी,’ मी म्हणालो.

‘मिसेस टिपणीस के डिब्बे के बारे में किसी ने नहीं पूछा. एक आदमी ने नहीं.’

‘जी.’ मी बाईंकडे बघायचंही टाळलं, उगाच जखमेवर मीठ नको म्हणून.

‘तो उसका लेंगे,’ हरीशभाई म्हणाला. ‘रोज फोन पे कौन समझाएगा सब को? और वो कोया तुम्हारे पास तीन बार आया था, मालूम है क्यों? सेव्ह समझ के कॅन्सल दबाता था. उसका काम उड़ जाता था. यल्ला, समेटो.’

एवढं बोलून तो पार्किंगकडे गेला. मी टाय सोडून खिशात कोंबला. बाई जवळ आल्या. मला वाटलं, आता समजूत काढणार, आणि मी त्यांना काहीतरी लागेल असं बोलणार. पण त्या वायरी गुंडाळायला लागल्या. मग म्हणाल्या, ‘ते चित्र टाकून देऊ नका. डब्यात नको, आपल्या मुख्य खिडकीत एका बाजूला ठेवू. ते आपलं घर आहे, तिथं आपली मांडणी चालते.’

आणि खरंच ठेवलं. दुसऱ्या आवृत्तीत लोकांनी सर्वात जास्त नावाजलं ते माझं चित्रच. बाईंनी हरीशभाईला सगळ्यांसमोर सांगितलं, ही दामल्यांची कामगिरी. आता सांगा, अशा माणसाचं करायचं काय? दुष्ट असत्या तर मी सुखानं द्वेष केला असता. त्यांनी तेवढीही सोय ठेवली नाही. लीड त्या झाल्या, मी त्यांच्या हाताखाली, आणि सासऱ्यांना काय सांगायचं ते अनघानं सांगितलं.

पुढे मॅकची पूर्ण नवीन प्रणाली आली. तिच्यात तो डबा वेगळा उघडायचाच नाही, खिडकीच्या माथ्यातून कागद खाली सरकावा तसा यायचा. सगळ्या दुबईत धावपळ उडाली. आमच्याकडे बाईंनी कोडमधल्या आपल्या त्या मॅकच्या माणसाला दोन-चार गोष्टी समजावल्या, आणि आमचा डबाही खाली सरकत यायला लागला. आम्ही न काढलेला, न रंगवलेला, नवा कोरा. माझा डबा असता तर मी वर्षभर ठिपके ठेवत बसलो असतो. मी तो सरकता डबा पुन्हा पुन्हा उघडून मिटून बघितला. इतका जळलो, की दुपारी जेवलो नाही.

मग बाईंच्या नवऱ्याच्या कंपनीनं इथली शाखा गुंडाळली. दुबईत नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि बाईंचा व्हिसा नवऱ्याच्या नावावर. हरीशभाई म्हणाला, मी माझ्या कंपनीचा व्हिसा देतो, तुम्ही राहा. बाई म्हणाल्या, ‘हे तिकडे एकटे काय करतील? आमच्यात रात्रीचं एकमेकांशिवाय जेवायची पद्धत नाही.’ त्यांच्याकडची एखादी पद्धत मी ऐकली ती ही पहिलीच. हरीशभाईनं मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, आता लीड तू. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, जिन्यात मी शीळ घातली.

व्हिसा रद्द करायचा अर्ज टायपिंग सेंटरमध्ये टाइप करून घ्यावा लागतो. टिपणीससाहेब सामान बोटीनं पाठवण्याच्या खटपटीत होते, मला अनघाच्या व्हिसाचं नूतनीकरण करायचंच होतं, म्हणून मी बाईंना गाडीतून घेऊन गेलो. देऱ्यातलं एक सेंटर, ओळखीचं नव्हे. टाइप करणारा पन्नाशीचा लाहोरी गृहस्थ होता, मिशा मेंदीनं रंगवलेल्या. स्क्रीनवर आमचंच सॉफ्टवेअर होतं. मी बाईंकडे बघितलं. त्या त्याच्या हातांकडे बघत होत्या.

त्यानं त्यांचं नाव टाइप केलं, पासपोर्टचा नंबर, नवऱ्याचं नाव, कारणाच्या जागी ‘कायमचं परत जाणे’. टाइप करता करता तो पलीकडच्या माणसाला पार्किंगवरून झापत होता. मग सेव्ह दाबलं, डबा उघडला, त्यानं मान तिकडेच ठेवून नाव घातलं, एंटर मारला, डबा मिटला. डोळा लवला असता तर दिसलाही नसता.

मला राहवलं नाही. का, ते आजही नक्की सांगता येणार नाही. बहुतेक असं, की या बाई उद्या जाणार आणि या गावात एकालाही पत्ता नाही, हे माझ्यासारख्या माणसाला सहन होईना. माझं असतं तर मी मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं असतं. मी त्याला म्हणालो, ‘भाईसाब, ये अभी जो डिब्बा खुला था, ये इन मॅडम ने बनाया है.’

‘कौन सा डिब्बा?’

‘वही, जिस में आपने नाम डालकर सेव्ह किया.’

त्यानं स्क्रीनकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे, जरा दया आल्यासारखं. ‘वो? वो किसी ने नहीं बनाया जनाब. वो तो कंप्यूटर का अपना है.’

मी तोंड उघडणार, इतक्यात बाईंचा चेहरा दिसला. लीड झाल्या तेव्हा त्या अशा दिसल्या नव्हत्या. गौरीच्या दिवशी आईनं फोनवरून आशीर्वाद दिला तेव्हाही नाही. कानापर्यंत लाल झाल्या होत्या, एखाद्या मुलीसारख्या, आणि हसू लपवायला त्यांनी शालीचं टोक तोंडाशी धरलं होतं.

‘ऐकलंत ना, दामले?’ त्या म्हणाल्या.

ऐकलं होतं. तो लाहोरी अर्ज छापायला वळला, बाई कागद घ्यायला पुढे झाल्या, आणि मी तिथंच उभा राहून असा जळलो, जसा त्या सगळ्या वर्षांत जळलो नव्हतो. दुसऱ्या दिवसापासून त्यांची खुर्ची माझी होती. त्यानंतर मी पुष्कळ सॉफ्टवेअर बनवलं, लोकांनी पाठ थोपटली, ‘वा दामले’ म्हणाले. माझ्या एकाही कामाला अजून कुणी म्हटलेलं नाही, की हे कुणीच बनवलेलं नाही.